पगार नसलेल्या माणसाची जप्ती

यवतमाळहून धामणगावकडे निघालं की वाटेत बाभुळगाव लागतं. १९९० नंतरची तीन वर्षं मी तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. तेव्हा शाखेत संगणक नव्हता. जाडजूड लेजरं होती, टोकन होतं, आणि कापसाचे चुकारे सुरू झाले की काउंटरपुढे बाहेरच्या ओट्यापर्यंत जाणारी रांग होती. कर्जवाटप आणि वसुली ही माझी कामं. पण मॅनेजर रजेवर असले की शाखेत येणारा सगळा टपाल-कागद माझ्याच टेबलावर पडायचा.

अशाच एका आठवड्यात दोन पाकिटं आली. पहिलं न्यायालयाचं. आमच्या शाखेतल्या शिपायानं कुणाच्या तरी कर्जाला जामीन दिला होता, मूळ कर्जदार गाव सोडून गेला आणि हुकूमनामा शिपायावर आला. दर महिन्याला त्याच्या पगारातून कपात करून रक्कम न्यायालयात भरा, असा बँकेला आदेश. दुसरं पाकीट प्राप्तिकर खात्याचं. बांधकामाचे लहान ठेके घेणाऱ्या आमच्या एका खातेदाराकडे जुनी मागणी थकली होती. त्याच्या खात्यात जे असेल ते आणि पुढे जे जमा होईल तेही सरकारजमा करा, असं त्यात होतं.

शिपाई रडकुंडीला आला. मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्या वेळी असं सांगत होतं की पगारातले पहिले ४०० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार २,४०० धरला तर ४०० सुटले, राहिलेल्या २,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ६६६ रुपये कापले जाणार. हातात सतराशेच्या वर येणार. शिवाय एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. त्यानं हिशोब दोनदा करायला लावला, डोळे पुसले आणि चहा आणायला गेला.

ठेकेदाराला मात्र सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तो बाजाराच्या दिवशी आला, पैसे काढण्याची स्लिप भरली. मजुरांचा चुकारा करायचा होता. मी लेजरचं पान उघडून लाल शाईचा शेरा दाखवला. तो म्हणाला, "साहेब, बाया हजेरीचे पैसे घ्याले बसून राह्यल्या जी. मी त्याईले काय सांगू?" खात्यात अकरा हजार आणि काही रुपये होते. त्यातला एक रुपयाही मी देऊ शकत नव्हतो. दिला असता तर तेवढ्या रकमेपुरती बँकच थकबाकीदार ठरली असती, असा कायदा आहे.

त्या संध्याकाळी घरी जाताना जो प्रश्न डोक्यात शिरला तो निवृत्तीनंतरही गेलेला नाही. नोकरदाराचा पगार जप्त करताना कायदा आधी त्याच्या चुलीसाठी वाटा बाजूला काढतो. रोजमजुराची तर मजुरी पूर्णच सुरक्षित, पैशात असो की धान्यात. पण जो स्वतःच स्वतःचा मालक आहे, वेल्डर, गवंडीकामाचा ठेकेदार, शिंपी, मोटार मेकॅनिक, फोटोग्राफर, त्याची कमाई कायद्याच्या भाषेत पगारही नाही आणि मजुरीही नाही. ती बँकेतली शिल्लक आहे. आणि शिल्लक जप्त होते तेव्हा पहिले चारशे, दोन तृतीयांश, असलं काही नसतं. सगळंच थांबतं.

कायदा करणाऱ्यांना दया नव्हती असं मात्र नाही. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे झाले. शेतकऱ्यांनी घरं लुटण्यापेक्षा खतं आणि रोखे जाळण्यावर भर दिला, कारण त्या कागदांवरच जप्त्या येत होत्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. आमचा वऱ्हाड त्या कायद्याच्या बाहेर होता. इथे मालकी नावाला निजामाची आणि कारभार इंग्रज रेसिडेंटचा. पण पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जी यादी आली ती सगळ्यांनाच लागू झाली. ती यादी मला कुठल्याही ललित लेखाइतकी वाचनीय वाटते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि राहतं घर यांना जप्तीत हात लावायचा नाही. प्राप्तिकराच्या वसुलीतही ही सूट पाळावी लागते.

म्हणजे लोहाराचा हातोडा सुरक्षित आहे. हातोड्यानं मिळवलेले पैसे घरातल्या डब्यात असतील तोवर ते कुणाला दिसत नाहीत. ते बँकेत गेले की उघडे. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आम्हीच, बँकवाल्यांनी, गावोगाव फिरून डब्यातले पैसे खात्यात आणायला लावले. त्यात चूक काहीच नव्हती. पण खात्याबरोबर आणखी काय काय येतं हे आम्ही सांगितलं नाही.

आता अलीकडची गोष्ट.

बाभुळगावच्या त्या तीन वर्षांत मी एका लोहाराला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून भाता आणि ऐरण घेण्यासाठी कर्ज दिलं होतं. माणूस सरळ. हप्ते वेळेवर. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचा मुलगा पत्ता काढत यवतमाळला माझ्या घरी आला. वडील गेले. मुलगा आता फॅब्रिकेशन करतो, गेट, ग्रिल, गोठ्याचे सांगाडे. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं विचारलं, "साहेब, म्या कोनाचे पैसे बुडवले जी? मंग माह्यं खातं काहून बंद केलं?"

त्याच्या पिशवीत बँकेचं एक पत्र होतं, बाकी काही नव्हतं. दोन दिवस लागले सगळं जुळवायला. निष्पन्न झालं ते असं. २०१८-१९ या वर्षात त्याच्या बचत खात्यात १४ लाख रुपये रोख जमा झाले होते. गिऱ्हाईक रोख देतं, तो ते खात्यात भरतो आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याला चेक देतो. लोखंड, डिस्क, वीज, दोन पोरांची मजुरी जाऊन त्याला वर्षाला दोन लाखांच्या आसपास सुटत होते. तेव्हा अडीच लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणून त्यानं रिटर्न भरलं नाही आणि त्या वर्षी त्याला ते भरण्याचं कारणही नव्हतं.

पण बचत खात्यात वर्षाला १० लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. कळवावीच लागते. खात्याला दिसले १४ लाख, रिटर्न शून्य. २०२३ मध्ये नोटीस निघाली. ती कुठे गेली? पूर्वी नोटीस पोस्टमनच्या हातात यायची, सही करावी लागायची, चार शेजाऱ्यांना कळायचं. आता ती प्राप्तिकराच्या पोर्टलवर आणि ई-मेलवर येते. या मुलाचा पॅन पोर्टलवर नोंदवला होता एका कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं, कुठल्याशा कर्जाच्या अर्जासाठी, आणि ई-मेल घातला होता स्वतःचा. त्या पत्त्यावर गावातल्या किती जणांचा पत्रव्यवहार येतो देव जाणे. तीन नोटिसा आल्या, एकही वाचली गेली नाही. मार्च २०२४ मध्ये एकतर्फी आदेश झाला. पैसा कुठून आला याचा खुलासा नाही, म्हणून सगळे १४ लाख अस्पष्टीकृत उत्पन्न. त्यावर त्या वर्षीच्या कायद्यानं ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. बेरीज १०,९२,००० रुपये. व्याज आणि दंड वेगळा.

वाचकहो, हा आकडा मी तीनदा तपासला. आणि मग दुसरा हिशोब केला. लहान धंद्यांसाठी कायद्यात एक सोपी वाट आहे. उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत वा डिजिटल मार्गानं आले असतील तर ६ टक्के, एवढं उत्पन्न धरून रिटर्न भरता येतं. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. वह्या-हिशोबाची सक्ती नाही. १४ लाखांवर ८ टक्के म्हणजे १,१२,०००. त्याचे खरे दोन लाख धरले तरी कर शून्य. एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला १०,९२,०००. मध्ये फक्त न उघडलेली पत्रं.

ही सोपी वाट काही आजची नाही. १९९२ मध्ये डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना लहान दुकानदारांना वर्षाला ठोक १,४०० रुपये भरून मोकळं होण्याची योजना आली होती. आमच्या शाखेत त्याचं चलन भरणारे दोन-चारच असतील. बाकीच्यांना वाटे, एकदा नाव गेलं की साहेब दारात येणार. १९९४ मध्ये बांधकाम ठेकेदार आणि ट्रकमालक यांच्यासाठी अंदाजी उत्पन्नाची तरतूद झाली, पुढे ती बहुतेक लहान धंद्यांना मिळाली. २ कोटींपर्यंतची उलाढाल तिच्यात बसते, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. (कलमांचे आकडे मी मुद्दाम देत नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्याची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात आकडे सगळे बदलले आहेत. वाट तीच.)

यात एक खाच आहे, जी आमच्या भागात फार जणांना नडते. कमिशन, दलाली, एजन्सी यांना ही सवलत नाही. बाजार समितीतला अडत्या, विम्याचा एजंट यांनी ८ टक्क्यांचं रिटर्न भरलं तर ते चुकीचं ठरतं. शिवाय एकदा या वाटेनं जाऊन मध्येच सोडली तर पाच वर्षं परत येता येत नाही.

दुसरा एक सल्ला गावात फुकट मिळतो, शेतीचं उत्पन्न दाखवा, त्याला कर नाही. या मुलालाही कुणी तरी तो दिला होता. त्याच्या सातबाऱ्यावर तीन एकर कोरडवाहू. तीन एकरांत १४ लाखांचा कापूस पिकला असता तर यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत जसं येत राहिलं तसं आलं नसतं. अधिकारी विक्रीची पट्टी मागतो, आणि मागणारच.

मी वकील नाही. त्याला मी यवतमाळच्या एका जाणत्या सी.ए.कडे नेलं. अपिलाची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, म्हणून उशीर माफ करण्याच्या अर्जासकट अपील दाखल झालं. अपील चालू असताना मागणीच्या २० टक्के भरले तर बाकीच्या वसुलीला साधारणपणे स्थगिती मिळते. २० टक्के म्हणजे दोन लाख अठरा हजार. ते कुठून आणायचे? परिस्थिती पाहून वरिष्ठ अधिकारी त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतात, हप्ते पाडून देऊ शकतात. पण ते मागावं लागतं, लेखी मागावं लागतं आणि वेळेत मागितलं तर मागणाऱ्याची पत राहते. मागणीची नोटीस लागल्यापासून तीस दिवस हा खरा मोलाचा काळ. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज चढतं आणि जप्तीचा दरवाजा उघडतो.

मधल्या काळात त्याचा मोटारसायकलचा हप्ता चुकला. लोखंडाच्या व्यापाऱ्यानं उधारी बंद केली, कारण चेक परत गेला ही बातमी बाभुळगावात संध्याकाळपर्यंत पोचते. मुलीची यवतमाळच्या कॉलेजची फी त्यानं बायकोच्या बचत गटातून उचलून भरली. दुकानात वेल्डिंग मशीन होतं, ग्राइंडर होता, वडिलांची ऐरणही कोपऱ्यात होती. कायद्यानं वाचवलेली हत्यारं सगळी जागच्या जागी.

खातं गोठणं म्हणजे नेमकं काय, हे बँकेत बसणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. दिवाणी न्यायालयाची गार्निशी ऑर्डर येते तेव्हा ती पोचल्या क्षणी जी शिल्लक असेल तेवढीच अडकते. नंतर जमा झालेला पैसा तिच्यात येत नाही. प्राप्तिकराची नोटीस नंतरच्या जमेलाही धरते. न्यायालयाची ऑर्डर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याला ती लागत नाही. प्राप्तिकराची लागते, आणि उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचा वाटा सारखा धरला जातो. कॅश क्रेडिटची न उचललेली मर्यादा मात्र कुणालाच जप्त करता येत नाही, कारण ते बँकेचं देणं नव्हे. हे सांगतोय ते पैसा लपवण्याच्या युक्त्या म्हणून नव्हे. माझ्या नोकरीत मी खातेदारांना गरज नसताना "सगळंच गेलं" असं ऐकवलेलं पाहिलं आहे. एक-दोनदा मीही ऐकवलं असेल.

माझं स्वतःचंही सांगायला हवं. पस्तीस वर्षं माझा कर पगारातूनच कापला गेला. मला वाटे, मला कर कळतो. निवृत्तीनंतर कादंबऱ्यांचं मानधन, एका मालिकेसाठी केलेलं थोडं लेखन असं मिळून बऱ्यापैकी रक्कम आली आणि रिटर्न भरताना व्याज लागलं. कारण आगाऊ कर भरला नव्हता. वर्षाचा देय कर १० हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असा चार हप्त्यांत भरायचा असतो. ८ टक्केवाल्यांना एकदाच, १५ मार्चला. साठीनंतर यातून सूट आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती सूट धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना आहे, हे माहीत नव्हतं. लेखन हा माझा व्यवसाय आहे असं महाराष्ट्रातल्या समीक्षकांनी कधी मान्य केलं नाही, सरकारनं केलं. आणखी गंमत म्हणजे निम्मी मिळकत उत्पन्न धरण्याची जी सोय ठरावीक व्यवसायांना आहे, त्या यादीत डॉक्टर, वकील, वास्तुविशारद आहेत, सिनेमाची कथा लिहिणाराही आहे. नुसती कादंबरी लिहिणारा नाही. असो. व्याज काही शे रुपयेच होतं, पण माजी बँक अधिकाऱ्याला ते लागलं हे सौभाग्यवतींनी अजून विसरू दिलेलं नाही.

तेव्हापासून जे मानधन येईल त्याचा दहावा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही. हातावर धंदा असलेल्या माणसाला मी हेच सांगतो, फक्त हिस्सा त्यानं आपल्या मिळकतीप्रमाणे ठरवावा. पुष्कळांना कर लागणारही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, लॉटरी किंवा शेअर-विक्रीसारखी खास कमाई सोडली तर, कर शून्यावर आणला. पण इथे लोक गफलत करतात. कर शून्य म्हणजे रिटर्न नको असं नव्हे. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरायचंच, मग त्यातून कर निघो न निघो. आणि त्याखाली असलं तरी भरलेलं बरं. या लोहाराच्या मुलानं २०१८-१९ चं शून्य कराचं रिटर्न भरलं असतं, तर चौदा लाखांना उत्तर आधीच लिहिलेलं सापडलं असतं.

रिटर्न न भरण्यात उलटंही नुकसान होतं. नगरपंचायतीचं, शाळाखोल्यांचं काम घेणाऱ्या लहान ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का कर आधीच कापला जातो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. कर लागतच नसेल तर हा पैसा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. आमच्या तालुक्यातले कितीतरी गवंडी आणि रंगारी सरकारला दरवर्षी अशी देणगी देऊन येतात आणि वर सरकारी खात्याला घाबरतात.

याच्या उलट कर्जासाठी रिटर्न फुगवणारेही आहेत. बँकेला तीन वर्षांचं उत्पन्न हवं असतं, म्हणून सेंटरवाला सांगतो तेवढा आकडा टाकतात, आणि त्यावर निघालेला कर भरायचा राहतो. कर्ज मंजूर होतं. मागणीही कायम राहते. अशी रिटर्नं मी अधिकारी म्हणून पाहिली, संशय आला, आणि उद्दिष्ट पुरं करायचं म्हणून सही केली. हे लिहिताना बरं वाटत नाही.

खातं ऑक्टोबरमध्ये सुटलं, ठरलेल्या हप्त्यांपैकी पहिला भरल्यावर. पोर्टलवर आता त्याचा स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ई-मेल आहे. पासवर्ड त्यानं दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता, तो मी पुसायला लावला. रोजची जमा तो मुलीच्या जुन्या वहीत उलट्या बाजूनं लिहितो. गिऱ्हाइकाचं नाव, काम, रोख की फोनवरून. बरीचशी गिऱ्हाइकं आता फोनवरूनच देतात, त्यामुळे आठाऐवजी सहा टक्क्यांचा हिशोब बसेल, हे त्यानं मला सांगितलं, मी त्याला नाही.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. दर शनिवारी दुकान बंद केलं की त्याचा फोन येतो.

"साहेब, पोर्टल पाह्यलं जी. काई नाई आलं."